टेकडीचे दोन्ही कान

परतूरच्या स्टेशन रोडवर भुजंगराव खरातांचा फोटो स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणजे एक खोली, मागे पडद्यावर रंगवलेली कारंज्याची बाग आणि पुढे एक खुर्ची. पंचक्रोशीतलं प्रत्येक तोंड कधी ना कधी त्या खुर्चीवर येऊन गेलेलं. भुजंगराव कॅमेऱ्याच्या काळ्या कापडात डोकं घालत आणि आतून आवाज येई, "हनुवटी खाली. खांदे सरळ. दोन्ही कान दिसू द्या." कानांच्या बाबतीत ते फार कडक होते. फोटोत एक कान कमी आला, तर गिऱ्हाईक आपल्याला काहीतरी कमी मिळालं म्हणून कुरकुर करायचं.

त्यांचा दुसरा हातखंडा पेन्सिलीचा. निगेटिव्ह काचेवर धरून, बारीक टोकाच्या पेन्सिलीने ते तोंडावरचे देवीचे व्रण असे बुजवत की आईनेही ओळखू नये. त्या पेन्सिलीने किती लग्नं जमवली आणि नंतर किती घरांत पहिल्या रात्रीपासून अबोला धरला गेला, याचा हिशोब कोणी ठेवलेला नाही.

अशा या माणसाने एकोणीसशे शहात्तर साली, चाळिशी उलटल्यावर, मुंबईच्या एका संस्थेचा फोटोग्राफीचा टपाली कोर्स घेतला.

"आता कामून?" बायकोने, सगुणाबाईंनी विचारलं. "धंदा तर बराबर चालून राह्यला."

"चालून राह्यला. पण मी सातवीत शाळा सोडली. काम शिकलो ते औरंगाबादेत एका फोटोवाल्याकडं ट्रे धुता धुता. मला येतं का न्हाई, हे आजवर कोनी पाह्यलंच न्हाई. एकदा तरी पास-नापास काय ते कळू दे."

कोर्सचे सगळे धडे झाले. शेवटच्या धड्याला दहा निसर्गचित्रं काढून, अल्बमात लावून पाठवायची होती. चित्रात माणूस नको. शिवाय गावातल्या एखाद्या कलाशिक्षकाला ती दाखवून त्याचा लेखी अभिप्राय जोडायचा. अभिप्राय नसेल, तर अल्बम उघडायचाच नाही असा संस्थेचा नियम. मुदत महिनाअखेरची.

भुजंगरावांनी सायकलला कॅमेऱ्याचं तिकाटणं बांधलं आणि शाळेमागची टेकडी, दुधना नदीचं पात्र, बाभळी, माळ असे दहा फोटो काढून आणले. चित्रकलेच्या मास्तरांकडे नेण्याआधी ते दुकानात मांडून ठेवले. पहिला अभिप्राय सर्जेरावांनी दिला. ते सोसायटीच्या कागदासाठी फोटो काढायला आले होते.

"हे रान कोनाचं?"

"कोनाचं का असंना. फोटो कसा हाये?"

"फोटो चांगला हाये. पण रानात हराळी लई माजलीय. ज्याचं कोनाचं आसंल त्याला म्हनावं, जरा लक्ष दे." मग त्यांनी नदीचा फोटो उचलला, उलटा करून मागे पाहिलं, पुन्हा सुलटा केला. "अन हितं कोन उभं राहनार होतं? आलं न्हाई वाटतं."

सगुणाबाईंचं मत याहून सौम्य होतं. त्या म्हणाल्या, "समदे बरे हायेत. गुमान बसलेत."

भुजंगरावांना हे कौतुक वाटलं. तसेच ते बद्रीनाथ मास्तरांकडे गेले. बद्रीनाथ मास्तर हायस्कुलात चित्रकला शिकवायचे. पोरांच्या वहीतल्या आंब्याला 'हा बटाटा आहे' असा शेरा मारण्याबद्दल ते प्रसिद्ध होते. त्यांनी दहाही फोटो टेबलावर मांडले आणि चष्मा पुसला. मग इतका वेळ पाहत राहिले की भुजंगरावांना आपणच खुर्चीवर बसलो आहोत आणि कोणीतरी काळ्या कापडात गेलंय असं वाटायला लागलं.

"भुजंगराव, या टेकडीला तुम्ही काय म्हनले होते?"

"टेकडीला काय म्हननार, सर?"

"हनुवटी खाली म्हनले होते. खांदे सरळ म्हनले होते. बघा की, बिचारी मधोमध बसलीय, श्वास रोखून. ही बाभळसुद्धा. ही तर शाळेच्या दाखल्याला चिकटवता येईल."

"दोन्ही टोकं दिसाया पाह्यजेत ना, सर. कानासारखी."

"टेकडी तक्रार करनार हाये का?" मास्तरांनी फोटो डोळ्यांजवळ नेला. "अन हिला पावडर कोनी लावली? हिच्या अंगावर तर खड्डेच खड्डे हायेत."

भुजंगराव जमिनीकडे पाहत म्हणाले, "होते. पेन्सिलीनं बुजवले. हात थांबला न्हाई."

मास्तर हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. पण अभिप्रायही लिहिला नाही. "असं लिहिलं तर तुम्ही नापास, खोटं लिहिलं तर मी. पुन्हा काढा. अन यावेळी फोटो काढून राह्यलो हे टेकडीला कळू देऊ नका."

दुसऱ्या कोणी हे नुसतं बोलणं म्हणून सोडून दिलं असतं. भुजंगरावांनी ते सूचना म्हणून घेतलं. पुढचे काही दिवस परतुरातल्या लोकांनी एक चमत्कारिक दृश्य पाहिलं. भुजंगराव टेकडीपाशी जात, तिकाटणं भलतीकडेच तोंड करून लावत, बिडी ओढत रस्त्याकडे पाहत बसत आणि अचानक वळत. सर्जेराव बैल घेऊन जाताना थांबले. "पाखरू धरून राह्यले काय?" भुजंगरावांनी ओठांवर बोट ठेवलं. सर्जेरावही दबक्या पावलांनी गेले. बैलांना मात्र ते जमलं नाही.

अशा लपाछपीत एक दिवस भुजंगराव टेकडीच्या मागे गेले. इतक्या वर्षांत ते मागे कधी गेलेच नव्हते. तिथे मुरूम खणून नेलेला होता. खड्ड्यांत तिरपं ऊन उतरलं होतं, कडेला तरवडाची झुडपं धुळीने पांढरी झाली होती. टेकडी तिकडे तोंड करून आपल्या विचारात होती. भुजंगरावांनी कापडात डोकं घातलं आणि त्यांच्या तोंडून एक शब्दही निघाला नाही. डावं टोक कापलं जात होतं. ते त्यांनी जाऊ दिलं.

निगेटिव्ह धुऊन काचेवर ठेवली तेव्हा हात सवयीने पेन्सिलीकडे गेला. सगुणाबाईंनी ती उचलून अंबाड्यात खोचली आणि भाकरी थापायला निघून गेल्या.

मास्तरांनी नवे फोटो पाहिले. एका फोटोवर थांबले.

"हे कुठलं? भोकरदनकडं गेल्ते काय?"

"न्हाई सर. तुमच्या शाळेमागचीच टेकडी. पल्याडून."

मास्तर फोटो घेऊन खिडकीशी गेले. टेकडी समोरच होती. ते एकदा फोटोकडे, एकदा टेकडीकडे पाहत राहिले. मग परत येऊन बसले आणि अभिप्राय लिहायला घेतला. लिहिता लिहिता म्हणाले, "रोज बघतो हिला. एकाच बाजूनं."

मुदतीत अल्बम गेला. दोन महिन्यांनी संस्थेचं उत्तर आलं, सोबत प्रमाणपत्र. भुजंगराव खरात दुसऱ्या श्रेणीत पास. उत्तराच्या खाली परीक्षकाने तांबड्या शाईत लिहिलं होतं: चित्र क्रमांक तीन, सात व नऊमध्ये क्षितिज तिरपं आहे.

प्रमाणपत्र सगुणाबाईंनी पेटीत ठेवलं. भुजंगरावांनी तांबड्या शेऱ्याचा कागद ठेवून घेतला. पुढे महिनाभर दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ते तो दाखवत होते. एखाद्याने आपली तिन्ही पोरं सरकारी नोकरीला लागली हे सांगावं, तशा आवाजात सांगत, "तीन, सात अन नऊ. मी मोजपट्टी लावून बघितलं. बरोबर हाये त्यांचं. बिलकुल तिरपं हाये."