नांदत्या घरचा आल्बम

आमच्या घरात पदवी मिळवणारा मी पहिला. वडील मळ्यात शेवंती-झेंडू पिकवायचे आणि पंचवटीत, गंगेच्या म्हणजे गोदावरीच्या काठी बसून विकायचे. मी बी.कॉम. झालो तसा त्यांनी ओझरच्या कारखान्यातल्या एका ओळखीच्या साहेबांकडे माझ्यासाठी शब्द टाकून ठेवला. मला मात्र लग्नाचे फोटो काढायचे होते. वडील म्हणाले, "मी लग्नाला फुलं इकतो, तू फोटो इक. मग शिकला कशाला?" शेवटी ठरलं की तुळशीच्या लग्नापर्यंत स्वतःच्या नावावर एक तरी ऑर्डर मिळवायची, नाहीतर गुमान ओझरची बस धरायची.

त्याआधी मी एका स्टुडिओवाल्याच्या हाताखाली होतो. तिथे काढलेल्या एका लग्नाच्या प्रती मी स्वतःसाठी करून घेतल्या होत्या. काळ्या पानांचा आल्बम, पानापानात बटर पेपर, पहिल्या पानावर माझं नाव आणि खाली ठसठशीत 'बी.कॉम.'. कॉमर्सचा आणि फोटोंचा संबंध काय, हे मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी ते खोडलं नसतं. या आल्बमला मी 'पोर्टफोलिओ' म्हणायचो. बाकी कुणी म्हणत नव्हतं.

तो घेऊन मी निफाडकडच्या एका द्राक्षवाल्यांच्या घरी गेलो. थोरल्या मुलीचं लग्न होतं. ओसरीवर सतरंजी अंथरलेली. मुलीचे वडील, आई, आणि चष्मा पुसत बसलेली आत्या. मी पहिला फोटो उघडला. खिडकीतला उजेड आणि त्यात नवरीचा अर्धा चेहरा.

"बाकीचा चेहरा कुठंय?" मुलीचे वडील म्हणाले.

"सावलीत आहे. मुद्दाम."

"मुद्दाम!" ते बायकोकडे बघून म्हणाले. "लग्न आख्खं आन् नवरी अर्धी."

पुढे मेंदीचा नुसता हात, मग हवेतल्या अक्षता. आत्याने आल्बम स्वतःकडे ओढला. तिला उजेडाशी देणंघेणं नव्हतं, ती माणसं शोधत होती. आमच्या जिल्ह्यात लग्नाचा आल्बम असाच बघतात, आपलं कोण दिसतंय ते.

"थांबा थांबा. ही सायखेड्याची ना? अगं बया! ही तर माघारी आली. गणपतीपास्नं बापाच्या घरीच हाय!"

आल्बम मिटला. आईने लग्नाच्या मुलीला आत पाठवलं, जणू काही मी गोवर घेऊन आलो होतो.

"आत्या, फोटोचा आणि नांदण्याचा काय संबंध?" मी माझ्या पदवीला शोभेल अशा आवाजात विचारलं.

"शिकल्यालं दिसता. मोडल्या लग्नाचा आल्बम घिऊन नव्या लग्नाच्या दारात कोन येतं का?"

माझ्याकडे उत्तर होतं. पण आठवड्यावर तुळशीचं लग्न होतं, म्हणून ते मी चहाबरोबर गिळलं. मुलीचे वडील सज्जन निघाले. म्हणाले, "फोटोवाले, नांदत्या घरचा असंल एखादा, तर रविवारी आणा. बघू."

तसा एक होता. पंचवटीतल्या एका रिक्षावाल्याच्या लग्नाचा, स्टुडिओत असताना मीच काढलेला. पण त्यात कला नव्हती, नुसती माणसं होती. फेटे बांधून ओळीने उभी राहिलेली, कॅमेऱ्याकडे टक लावून बघणारी. म्हणून मी त्याच्या प्रती ठेवल्या नव्हत्या. आल्बम मागायला त्याच्या घरी गेलो, तर तो बनियनवर दारात उभा.

"आल्बम? ने ना. कायमचा ने. ती गेली सिन्नरला, माहेरी."

मला त्याच्या संसाराची काळजी वाटली म्हणालो तर खोटं होईल. मला ओझरची बस दिसली.

"झालं काय?"

"म्हणे लग्नात तिच्या मामाला फेटा बांधला नाही! मी म्हणतो बांधला. आई पण म्हणते बांधला. वर्ष झालं, रोज तेच. परवा बॅग भरून गेली."

मी आल्बम उघडला. अंतरपाट धरलाय, नवरीच्या मागे मामा उभा आहे. पुढच्या पानावर मामा, त्याच्या पुढच्या पानावरही मामा. सगळीकडे गुलाबी फेटे, आणि मधोमध मामांचं टक्कल माझ्या फ्लॅशने लखलखलेलं.

रिक्षावाल्याने तिन्ही पानं पुन्हा उलटून बघितली. मग म्हणाला, "तू फोटो नीट नाही काढले."

"भाऊ, फ्लॅशने फेटा उतरत नाही."

स्वयंपाकघरातून त्याच्या आईचा आवाज आला, "गडबडीत ऱ्हायला असंल एखादा."

शनिवारी सकाळी आम्ही दोघं रिक्षातून सिन्नरला गेलो, सोबत गुलाबी फेटा. मामांना बोलावून घेतलं. "आता कशाला, आता कशाला," असं म्हणत त्यांनी डोकं पुढे केलं. मी फोटो काढला. भर उन्हात, आख्खा चेहरा. त्यांची भाची दारातून म्हणाली, "हा फोटो आधी आल्बमात लागू दे. मग येते."

आम्ही तसेच नाशिकला आलो, लॅबमध्ये फोटो धुऊन घेतला, आल्बममध्ये लावला आणि रिक्षा पुन्हा सिन्नरला पळवली. ती बॅग घेऊन बसली. मी पुढे, ड्रायव्हरच्या सीटच्या कडेला, मांडीवर आल्बम.

रविवारी निफाडला आत्याने एकेक माणूस तपासला. "हे नांदतात ना?"

"काल रात्री त्यांच्याकडेच जेवलो. दोघांनी जोडीने वाढलं."

यातला शब्दन् शब्द खरा होता. कधीपासून नांदतात, हे तिने विचारलं नाही. मामांच्या पानावर ती थांबली. "ह्यो बघा फोटो! मानूस कसा सुखी दिसतोय. त्या दुसऱ्या आल्बमात असं एक तरी मानूस व्हतं का?"

ऑर्डर मिळाली. पुढे डिजिटल आलं, आल्बम जाडजूड झाले, पण कुणासमोर आल्बम ठेवण्याआधी मी अजून त्यातल्या जोडप्याला फोन करतो, "सगळं बरं ना?" लोकांना वाटतं, फोटोवाला किती मायाळू.

वडील ओझरच्या साहेबांना नोकरी नको म्हणून सांगायला गेले, शेवंतीचा पुडा घेऊन. परत आले आणि बराच वेळ पाय धूत बसले.

"रागावले का?" मी विचारलं.

"नाय. त्यांच्या पोरीचं लगीन हाय. फोटोला येतो का म्हणत व्हते." वडिलांनी टॉवेल खांद्यावर टाकला. "मी म्हनलं, आधी आल्बम बघा. नांदत्या घरचा हाय."