काळ्या कापडाखालचं छत

राजवाड्याच्या दिवाणखान्याचं लाकडी छत ज्यांनी कोरलं, त्यांना सगळे ‘आडवे मिस्त्री’ म्हणत. उमेदीची वर्षं त्यांनी छताखालच्या परांचीवर उताणं पडून, मान उचलून धरत काढली होती. परांची उतरली तोवर त्यांची मान कायमची आखडली, हनुवटी छातीला टेकली. छत पाहून लोक तोंडात बोटं घालायचे. मिस्त्रींनी मात्र ते अख्खं कधी पाहिलंच नव्हतं. आडवं पडावं तर नजर आपल्याच पायांवर, आरसा धरावा तर दिसणार तळहाताएवढा तुकडा. घरी मात्र ठोकून देत, “पाहिलं की! झकास झालंय.” लेक मान डोलावून ऐके.

त्या काळी फोटोचा डबा नवाच होता. फोटो निघायला बराच वेळ लागे, आणि कोणी हललं की काचेवर नुसता धुरकट डाग उमटे. छताची उंची कळावी म्हणून फोटोवाल्याला खाली न हलणारा माणूस उभा हवा होता.

“आमचे आडवे मिस्त्री घ्या,” कारभारी हसले. “मान कित्येक वर्षांत हललेली नाही!”

लेकीच्या आधाराने मिस्त्री आले. डब्यावरच्या काळ्या कापडातून डोकं बाहेर काढत फोटोवाला सहज बोलून गेला, “यात सगळं उलटं दिसतं. जमीन वर, छत खाली.”

लेक थबकली. “छत खाली? मग आमच्या बाबांना दाखवा ना!”

डब्याची तिपाई ठेंगणी केली, कापड मिस्त्रींच्या डोक्यावर आलं.

आत दुधी काचेवर, झुकल्या नजरेसमोर, छत पसरलं होतं. चारी कोपऱ्यांतून निघालेल्या वेली मधल्या थोरल्या फुलाला भिडल्या होत्या, सोनेरी मुलामा लखलखत होता. एकेक पाकळी ओळखीची, पण सगळ्या मिळून काय झाल्या होत्या! मिस्त्री कापडाआतूनच बोलले,

“अगं, हे मी केलं?”

“तुम्हीच, बाबा.”

“केवढं आहे गं!”

बाहेर यायचं नाव घेईनात. उजेड जाईल म्हणून फोटोवाल्याने शेवटी हात धरून त्यांना छताखाली उभं केलं. “आता श्वाससुद्धा जपून घ्या, मिस्त्री.”

फोटोची काच धुऊन झाली. वेलींची शीर न् शीर उतरली होती. मिस्त्रींच्या जागी मात्र धुरकट डाग.

“न हलणारा म्हणून आणला, आणि हाच हलला!” फोटोवाला वैतागला. “पुन्हा काढू.”

लेकीने वळून पाहिलं. बाबांचे खांदे अजून गदगदत होते.

“राहू द्या,” ती हळूच म्हणाली. “आज पहिल्यांदा पाहिलंय त्यांनी.”