खंड्याच्या गोचिडी

दुपारची भांडी झाली की नीलिमा खंड्याला गॅलरीत आडवा पाडायची. आधी कान, मग कानामागे, मानेच्या पट्ट्याखाली, बगलेत, पंजाच्या बेचक्यांत. गोचीड दिसली की बोटांना प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळायची, चिमटा अगदी कातडीला टेकवून धरायचा आणि सरळ, सावकाश ओढायचं. पिळायचं नाही, हिसका द्यायचा नाही, नाहीतर तोंड आत राहतं आणि जखम चिघळते. पहिल्या खेपेला नवऱ्याच्या, हरिश्चंद्रच्या, सांगण्यावरून तिने रॉकेल लावलं होतं. गोचीड जागची हलली नाही, खंड्याची कातडी मात्र सोलवटली. सल्ला देणारा तोवर ऑफिसात पोचलासुद्धा होता.

एवढा खटाटोप कशाला? तर शांती नगरात तिला दुसरं होतंच कोण? गिरगावची खोली सोडून हे दोघं इथे आले ते एक्क्याण्णव साली. हरिश्चंद्र सकाळी जायचा तो रात्रीच उगवायचा. मूलबाळ नाही. चाळीत दार कधी लागायचं नाही आणि इथे दारं उघडायचीच नाहीत. बाजूच्या बांधकामाच्या खड्ड्यात केकाटणारं पिल्लू तिने उचलून आणलं, आणि त्या दिवसापासून घरात तिच्या मागे-पुढे करणारं कुणीतरी आलं. खंड्या गेला असता तर बाईला वेड लागलं असतं, साधी गोष्ट आहे.

आणि तो जाणारच होता. जिन्यात गोचिडी सापडल्या, सोसायटीची मीटिंग भरली, सेक्रेटरी काशीनाथराव म्हणाले, कुत्रं बाहेर काढा. तेव्हा उभ्या राहिल्या त्या समोरच्या हसुमतीबेन, अख्ख्या बिल्डिंगमध्ये नीलिमाशी दोन शब्द बोलणाऱ्या एकट्या. बेन जैन. कधी खोटं बोलायच्या नाहीत म्हणून सगळ्या मजल्यांवर त्यांचा मान. त्यांनी कुत्र्याची हमी घेतल्यावर कोण काय बोलणार? मात्र नंतर दारात नीलिमाचा हात धरून त्यांनी अट घातली. गोचिडी काढायच्या, पण मारायच्या नाहीत. जिवंत सोडून यायच्या.

नीलिमाने मान डोलावली. काय करणार होती?

मग काढलेल्या गोचिडी बरणीत घालून ती रोज बिल्डिंगमागच्या गवतात सोडून यायला लागली. आणि खंड्याला फिरवायला कुठे न्यायची? त्याच गवतात! बाई शिकलेली, पण एवढंसं डोक्यात शिरायला दिवाळी उजाडली. तोवर खंड्याच्या कानांत गोचिडींचे घोस धरले होते. आपणच सोडतोय आणि आपणच घरी आणतोय, हे तेव्हा कुठे कळलं. दुसऱ्या दिवशी तिने बरणीत स्पिरिट ओतलं.

बेन रोज संध्याकाळी विचारायच्या, सोडल्यास ना? नीलिमा हो म्हणायची. खरं सांगावं तर खंड्या जाणार, शब्द पाळावा तर गोचिडी परत, म्हणजे तरी खंड्या जाणार. समोरची कडी वाजली की ती पंखा बंद करून, श्वास रोखून बसायची. ज्या एका माणसामुळे इथे जीव रमत होता, त्याच माणसापासून ती आपल्याच घरात लपत होती. लाज वाटायची तिला, आणि भीतीही.

एका दुपारी बेन हाका मारतच आल्या. कडेवर नात, पोरीच्या कानामागे गोचीड. नीलिमाने चिमट्याने ती अलगद ओढून काढली, आयोडीन लावलं. पोर रडलीसुद्धा नाही. आणि हाताला वळणच पडलेलं, तिने गोचीड टाकली ती थेट बरणीत. आत कालच्या, परवाच्या मेलेल्या गोचिडी तरंगत होत्या. बेननी बरणीकडे पाहिलं, मग नीलिमाकडे.

तेवढ्यात बेनच्या हाका ऐकून काशीनाथराव वर दाराशी आले. पोरीला गोचीड लागली ना, त्यांनी विचारलं. बेन, तुम्ही फक्त हो म्हणा, कुत्रं आज संध्याकाळी बाहेर.

बेननी पदर सारखा केला. "चींटी ने काटा," त्या म्हणाल्या. "ये तो सब जिंदा छोड़ के आती है. मैं रोज देखती हूँ."

बेनचा शब्द म्हटल्यावर काशीनाथराव आले तसे उतरून गेले. खंड्या राहिला. नीलिमाला हायसं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. ती हात जोडून पुढे झाली तर बेननी नातीला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"माफी मत माँग," त्या हळूच म्हणाल्या. "अब तू और मैं एक जैसे हो गए."

त्यानंतर समोरचं दार नीलिमासाठी उघडलं नाही. बेन दिसल्या तर मान खाली घालून जायच्या, जणू चूक त्यांचीच होती. खंड्याला मात्र सकाळ-संध्याकाळ त्याच दारावरून न्यावं लागे, आणि जिना एकच होता.