लुकलुकणाऱ्या छोट्या डब्याचा प्लग

मुलांनो, ऑक्टोबरातली ती दुपार मी अजून विसरले नाही.

तुमची काकू, म्हणजे माझी सून, गावातल्या अकरा घरांच्या पाहुण्यांच्या खोल्या आपल्या वेबसाइटवरून भाड्याने देते. साइट ज्यांच्यावर चालते ते सर्व्हर घरातच, तिच्या खोलीत आहेत. दिवाळीच्या सुट्टीचं बुकिंग त्या दिवशी चारला उघडणार होतं. ते फसलं तर त्या घरांतल्या बायका खोल्या पुन्हा एजंटाकडे देतील, ही तिची धास्ती.

ती कट्ट्याच्या बाजाराला गेली होती. साडेतीनला वीज कडाडली. आपल्याकडे अशा वेळी आधी प्लग काढतात, मग वाळवण उचलतात. टीव्ही, फ्रिज, मिक्सर असं ओळीने उरकून मी तिच्या खोलीत गेले. दोन मोठे सर्व्हर घरघरत होते. ते कामाचे, म्हणून हात लावला नाही. बाजूला एक छोटा डबा नुसता लुकलुकत बसला होता. त्याचा प्लग ओढला आणि निवांत चहा टाकला.

चारनंतर काकू परतली, तिच्या मागोमाग शेजारीण, त्या अकरा घरांतलीच एक.

"गो, माझ्यो खोल्यो खंय गेल्यो? पाव्हणे सांगतत साइट उघडणाच नाय! मी एजंटाकच देतंय."

काकू खोलीत धावली. "दोन्ही चालू आहेत," ती पुटपुटली, "मग माझंच काहीतरी चुकलं असणार."

मग तिला लोंबणारा प्लग दिसला.

"आई, हा कुणी काढला? साइटवर येणारा प्रत्येक जण आधी ह्या डब्याकडे येतो. कुणाला कुठल्या सर्व्हरकडे पाठवायचं ते हा ठरवतो. मोठ्यांपैकी एक बंद पडला तरी चाललं असतं. हा नाही."

दोन धडधाकट सर्व्हर अर्धा तास जागे होते आणि त्यांच्यापर्यंत एकही माणूस पोचला नव्हता. ज्याला मी रिकामटेकडा समजले, त्याच्यावरच सगळं चाललं होतं. जन्मभर मी नीटनेटकेपणाचा तोरा मिरवला, आणि सुनेची वर्षाची मेहनत दोन बोटांनी उपटली.

"मी काढला," मी शेजारणीला म्हटलं. "हिचा काही दोष नाही."

"तू? गो मावशे, इतकां शिकलंस आणि नको तो प्लग काढलंस?"

काकूने प्लग लावला. थोड्या वेळाने शेजारणीच्या मोबाइलवर पहिलं बुकिंग वाजलं. तिने ते दोनदा वाचलं.

"ऱ्हवांदे तर माझ्यो खोल्यो हयच," ती काकूला म्हणाली. "पण सासूक ह्या खोलयेत सोडू नको."

मी मान डोलावली आणि खोलीबाहेर पडले.