ताप नाही

आमच्या चामराजपेटेतल्या नर्सिंग शाळेने तिला फसवलं. दारावर 'सरकारमान्य' अशी पाटी होती आणि मान्यता नव्हती. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण ती स्वतः कधी कुणाला सांगायची नाही.

बोलता बोलता समोरच्याचं मनगट धरायची तिला सवय होती. शाळेसमोरच माझं कापडाचं दुकान. हातगाडीवरून वर आलेला माणूस मी; भावावरून रोज कुणाशी तरी वाजायचं. गणवेशाचं कापड घ्यायला ती आली आणि माझा आवाज चढला, की लगेच माझी नाडी बघायची. "अण्णा, स्वल्प थांबा. आधी नाडी, मग भाव." मी गप्प व्हायचो. तेवढ्यात ती स्वस्तात कापड घेऊन जायची, हे मला फार उशिरा उमगलं.

तिचं शेवटचं वर्ष संपत आलं आणि सरकारी तपासनीस बाई येणार असं कळलं. शाळेला मान्यता मिळाली तरच मुली परीक्षेला बसणार, तरच नर्स म्हणून नोंदणी होणार. शाळेच्या दवाखान्यात पुरेसे रोगी नव्हते. मालकांनी गल्लीतले धडधाकट लोक आणून खाटांवर झोपवले. तिच्यासाठी मीही झोपलो.

बाई माझ्यापाशी थांबल्या. "यांना ताप किती?"

मालक मागून डोळे वटारत होते. तिने थर्मामीटर पाहिला. "ताप नाही."

मी जोरात कण्हलो.

"कण्हू नका अण्णा," ती हळूच म्हणाली. "नाही म्हणजे नाही."

मान्यता मिळाली नाही. मालक म्हणाले, हिनेच घालवली.

मी तिला घेऊन नोंदणीच्या कचेरीत गेलो. "परीक्षेला बसू द्या. येत नसेल तर खुशाल नापास करा!" कारकून भला माणूस होता. "सरी स्वामी, तुमचं बरोबर आहे, पण शाळाच मान्य नाही." माझ्यापाशी पुढचा भाव उरला नव्हता. तिने माझं मनगट धरलं. "चला अण्णा. फार धावतेय."

त्याच दवाखान्याने तिला आया म्हणून ठेवलं. नव्या मुलींना नाडी बघायला तीच शिकवायची. मग एक दिवस ती दिसेनाशी झाली. आता दुकानात मी कितीही ओरडलो तरी कुणी थांबवत नाही.

पाटी अजून तिथेच आहे आणि मुली अजून येताहेत. मालक, मी रस्त्यापलीकडेच बसलोय. तिच्या वाया गेलेल्या वर्षांचा जाब द्या.