प्रत्येक ओळीवर मास्तर

ऑफिसात तिला सगळे अक्का म्हणायचे. संगणकाच्या एका भाषेत ती प्रोग्रॅम लिहायची. त्या भाषेत ओळीआधीच्या कोऱ्या जागेला फार किंमत. ओळ दोन स्पेस आत आहे की चार, यावर ती कुणाच्या पोटात जाते ते ठरतं. भलेभले तिथेच चुकतात. म्हणून अक्काने प्रोग्रॅम टाइप करायच्या एडिटरला जोडायचं एक छोटं प्लगइन लिहिलं. एंटर दाबलं की कर्सर नेमक्या जागी जाऊन उभा राहायचा. नऊ वर्षं तिने ते जिवापाड जपलं.

शेजारच्या टेबलावर मास्तर बसायचा. पूर्वी गणित शिकवायचा, म्हणून मास्तर.

"अक्का, ही ‘नाहीतर’ची ओळ आत का गं?"

"अरे, ती ‘जर’ची लेक. आईच्या रेषेत बसवलीस तर लोक बहीण समजतील."

तो हसायचा आणि वहीत लिहून घ्यायचा. असे चार महिने गेले. तिने हातचं काही राखलं नाही. तिला वाटलं, तो प्लगइनची माहिती लिहून काढतोय.

सोमवारी कळलं. वहीतल्या त्याच नियमांवर मास्तरने ओळी आपोआप मांडून देणारा फॉरमॅटर बनवला होता आणि सगळ्या फायलींवरून एका झटक्यात फिरवला होता. प्लगइन बंद झालं. तेही तिने गिळलं. फॉरमॅटर खरंच चांगला होता.

मग तिने एक जुनी फाइल उघडली. ओळ शेवटी कोणी बदलली त्याचं नाव शेजारी दिसतं. पहिल्या ओळीवर मास्तर. दुसऱ्या ओळीवर मास्तर. खालपर्यंत मास्तर.

"हे काय रे?"

"अगं, स्पेस हलल्या ना. नाव आपोआप येतं."

"तो बदल धरू नको असं नोंदवलं की जुनी नावं दिसतात. मीच शिकवलंय तुला."

"नोंदवतो की. शुक्रवार तर होऊ दे."

शुक्रवारी टीमचा प्रमुख निवडायचा होता. शर्यतीत दोघंच होते. मास्तर तसला नाही, असं अक्काने घरी नवऱ्याला दोनदा सांगितलं. नवऱ्याने विचारलंही नव्हतं.

शुक्रवारी मोठ्या मॅडमनी दोघांना एकत्रच बोलावलं. समोर तीच फाइल उघडी होती.

"अक्का, यात तुमचं काम दिसत नाही."

"नावं झाकली गेलीत, मॅडम. ही फाइल माझी आहे."

स्क्रीनकडे पाठ करून ती एकेक ओळ सांगत गेली. कुठली कशासाठी, कुठे अडलं होतं, कुठली तीनदा लिहिली. मॅडमनी पेन खाली ठेवलं.

"मास्तर, ही यांनी लिहिलीय?"

अक्का त्याच्याकडे वळली. एक ‘हो’ म्हणायचं होतं फक्त.

मास्तरने चष्मा काढला. पुसला.

"तसं सगळं टीमचंच आहे, मॅडम."

मॅडमनी मान डोलावली आणि पुढचे सगळे प्रश्न त्यालाच विचारले.

बाहेर पडताना तो दाराशी थांबला.

"अक्का, रागावलीस का गं?"

"नाही हो," ती म्हणाली. "व्हा तुम्ही पुढे."