मोगऱ्याचा फाया

लेकीनं पुण्याहून सेंटची बाटली आणली आणि माझ्या मनगटावर फवारा मारून विचारलं, "बाबा, कसाय सांगा." मी मोठ्या जाणकारासारखे डोळे मिटले. आधी निशिगंध आला, मग त्याच्यामागून हळूच मोगरा, अन् मी थेट सेलूच्या त्या बैठकीत जाऊन बसलो, जिथं तरुणपणी मुलगी पाहायला गेलो होतो.

परभणीहून निघताना मामानं मोगऱ्याच्या अत्तराचा फाया माझ्या कानात खोचला आणि कुपीही खिशात दिली. देवगाव फाट्यापर्यंत मला वाटलं, वास उडाला. म्हणून मनगटाला लावलं, मग गळ्याला, मग रुमालाला. आपलं नाक आपल्याच अत्तराला सरावतं, हे तेव्हा ठाऊक नव्हतं. बैठकीत शिरलो तशी मुलीच्या काकूनं एक खिडकी उघडली. थोड्या वेळानं दुसरीही उघडली.

मुलीचे वडील खाकरून म्हणाले, "पाव्हणं, अत्तराचं दुकान हाय का तुमचं?"

"न्हाई जी, मास्तर हाय," मी गंभीरपणे सांगितलं.

पोहे घेऊन आलेली मुलगी फसकन हसली. परतताना जीपमध्ये मामा म्हणाला, "गेलं हे स्थळ." मीही मान डोलावली. मुलगी लय आवडली होती, म्हणून ते हसू जास्तच लागलं होतं.

तरी होकार आला. का, ते लग्नानंतर तिनंच सांगितलं, "सकाळपासून मला लय भ्या वाटायलतं. एवढं अत्तर थापून आलेलं तुमाला बघितलं अन् जीवात जीव आला. म्हटलं, हे तर माझ्यापेक्षा जास्त भ्यालेत."